तोफांचे नांगर

पुण्याहून मिरजेकडे जाणाऱ्या लोहमार्गावर पूर्वी कुंडल रोड नावाचे एक लहानसे स्टेशन होते. आज तेच स्टेशन किर्लोस्करवाडी या नावाने ओळखले जाते. स्टेशनाजवळची जमीन औंध संस्थानची. तीत निवडुंगाचे रान माजलेले, पाण्याचे दुर्भिक्ष आणि सापांचा सुळसुळाट. अशा माळावर इ. स. १९१० च्या मार्च महिन्यात काही कुटुंबे आपले संसार व यंत्रे घेऊन उतरली. त्यांचे पुढारी होते लक्ष्मणराव काशिनाथ किर्लोस्कर.

लक्ष्मणरावांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे झाला. शाळेच्या पुस्तकांपेक्षा चित्रे काढण्यात आणि यंत्रांची मोडजोड करण्यात त्यांचे मन अधिक रमे. चित्रकला शिकण्यासाठी ते मुंबईस गेले. परंतु काही रंगांतील भेद आपल्या डोळ्यांना कळत नाही, असे त्यांच्या ध्यानात आले. चित्रकाराला याहून मोठे संकट कोणते? त्यांनी रंग बाजूला ठेवले आणि यंत्रांची रेखाचित्रे काढण्याची विद्या हस्तगत केली. पुढे मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली तांत्रिक संस्थेत ते तीच विद्या शिकवू लागले. ती नोकरीही त्यांनी सोडली आणि बेळगावास येऊन भावासह सायकलींचे दुकान चालविले. कडबा कापण्याचे यंत्र करून ते शेतकऱ्याच्या अंगणात शिरले व मग नांगराकडे वळले.

कृष्णाकाठची असो की परळी वैजनाथच्या परिसरातील असो, काळ्या जमिनीत हरळी व कुंदा यांची मुळे खोल जातात. लाकडी नांगर तेथवर पोचत नसे. लोखंडी नांगर खोल जाई व मातीची तासही उलटी. तरीही लोखंडाने जमीन विषारी होते, अशी अनेक शेतकऱ्यांची समजूत होती. लक्ष्मणरावांचे पहिले नांगर सुमारे दोन वर्षे विकलेच गेले नाहीत. जे पुढे गेले, त्यांच्याबद्दल टोके मोडतात अशी तक्रार आली. शेतकऱ्याला दोष न देता त्यांनी आपल्या ओतकामातच दोष शोधला.

नांगराचे बरेच भाग बिडाचे, म्हणजे ओतीव लोखंडाचे असत. बीड हा विलक्षण पदार्थ आहे. तेच बीड साच्यात सावकाश निवाले, तर तुटलेल्या जागी करडे दिसते व त्यावर कानस चालते. झटकन निवाले, तर पांढरे व अतिशय कठीण होते, पण ठिसूळही होते. नांगराच्या फाळाला दोन्ही गुण हवेत. टोक झिजता कामा नये आणि दगड लागला तरी मोडता कामा नये. हा मेळ साधणे हीच ओतकाम करणाऱ्याची खरी कसोटी होय.

बेळगावच्या नगरपालिकेला विस्तारासाठी जागा हवी होती, म्हणून कारखाना हलवावा लागला. तेव्हा औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडल रोडजवळची बत्तीस एकर जमीन व दहा हजार रुपयांचे कर्ज दिले. वसाहत उभी राहिली. तुरुंगवास भोगून आलेल्या माणसांनाही लक्ष्मणरावांनी तेथे रात्रीच्या पहाऱ्यावर नेमले आणि अस्पृश्यतेला वाडीत थारा दिला नाही.

नांगरांना मागणी येऊ लागली तोच १९१४ साली पहिले महायुद्ध सुरू झाले. विलायती नांगर येईनासे झाले, त्यामुळे किर्लोस्करांच्या नांगरांना मागणी अधिकच वाढली. परंतु नांगर करण्यासाठी लागणारे लोखंडच मिळेना. परदेशी माल बंद पडला होता आणि देशातील लोखंड युद्धाकडे वळले होते. जमशेदपूरचे रूळसुद्धा दूर मेसोपोटेमियात जात होते. भट्टी थंड पडली असती, तर त्या माळावर आलेल्या कुटुंबांनी कोठे जावे?

लक्ष्मणरावांची दृष्टी मोडीच्या लोखंडाकडे गेली. कोल्हापूर संस्थानात जुन्या तोफा निरुपयोगी होऊन पडल्या होत्या. छत्रपती शाहू महाराजांनी त्या नांगरांसाठी दिल्या. राज्यकर्त्याने तोफा द्याव्यात आणि त्या शेतकऱ्याच्या हाती नांगर होऊन जाव्यात, असा प्रसंग इतिहासात क्वचितच आढळतो.

लोखंड वर्षानुवर्षे पाऊस खात पडले, तरी जाड तुकड्याचा गंज वरच्या थरापुरताच असतो. आतील धातू शाबूत राहतो आणि कितीही वेळा वितळवता येतो. मात्र असा अवजड तुकडा भट्टीत जाण्यापूर्वी फोडावा लागतो. बीड वितळविण्याची भट्टी उंच नळकांड्यासारखी असते. तीत कोक, लोखंड व थोडी चुनखडी यांचे थरांवर थर रचतात आणि खालून जोराने हवा सोडतात. सुमारे १२०० अंश सेल्सिअसला बीड वितळू लागते व ठिबकत तळाशी साचते. चुनखडीमुळे राख आणि घाण यांची पातळ मळी होऊन ती वर तरंगते. मग भट्टीच्या तोंडाचा मातीचा बोळा फोडला की लालभडक रस भांड्यात येतो आणि दमट वाळूच्या साच्यात ओतला जातो.

आज मोडीचे लोखंड पुष्कळ ठिकाणी विजेच्या भट्टीत वितळवितात. मराठवाड्यात जालन्याच्या गिरण्या त्यापासून घरबांधणीच्या सळ्या लाटतात. जेथे पत्रा करावयाचा असतो, तेथे पोलादाच्या रसाची जाड लादी पाडतात, ती तापवून अजस्र रुळांमधून पुनःपुन्हा दाबीत नेतात आणि लांबच लांब पत्र्याची गुंडाळी करतात. यंत्रे बदलली, मोडीची पारख मात्र अजून करावीच लागते, कारण भलताच धातू मिसळला की सारी भट्टी बिघडते.

युद्ध संपले तेव्हा वाडीचा कारखाना जिवंत होता. १९२० साली त्याची मर्यादित कंपनी झाली. नांगरांमागून पाण्याचे पंप आले, आणि पुढील पिढीने तेलावर चालणारी इंजिने केली. लक्ष्मणराव २६ सप्टेंबर १९५६ रोजी निवर्तले. त्यांच्या जन्मशताब्दीस, १९६९ साली, भारतीय डाक खात्याने त्यांच्या स्मरणार्थ तिकीट काढले.