मुसीचा हिशेब मांडणारे विश्वेश्वरय्या

१५ सप्टेंबरला अभियंता दिन आला की आपल्या गटावर फेटा बांधलेल्या मोक्षगुंडम विश्वेश्वरय्यांचा फोटो फिरतो. सोबत रेल्वेच्या रुळाचा आवाज ऐकून गाडी थांबवल्याची गोष्ट. पाटबंधारे, बांधकाम आणि नगरपालिकांत उमेदीची वर्षे घालवलेल्या आपल्यासारख्यांना मात्र त्यांचे गटाराचे काम अधिक जवळचे वाटावे.

जन्म म्हैसूर संस्थानातल्या मुद्देनहळ्ळीचा. वडील लवकर गेले. शिकवण्या करून बंगळूरला ते १८८१ मध्ये बी. ए. झाले, आणि संस्थानची शिष्यवृत्ती मिळवून पुण्याच्या सायन्स कॉलेजात आले. १८८३ च्या अभियांत्रिकी परीक्षेत पहिले आले. पुढच्या वर्षी मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात नाशिकला नेमणूक झाली. मग खानदेश, सक्कर, सुरत, पुणे. म्हणजे माणूस कानडी, पण घडला बराचसा आपल्या मुलखात. खडकवासल्याच्या सांडव्यावर १९०३ मध्ये त्यांनी बसवलेली दारे पाणी ठरावीक पातळीला चढले की आपोआप उघडत, उतरले की मिटत. भिंत न वाढवता तलावात जास्त पाणी मावू लागले. एडनला जाऊन तिथल्या पाणीपुरवठ्याची आणि सांडपाण्याची योजनाही त्यांनी आखली. वरच्या जागा गोऱ्यांसाठीच, हे दिसल्यावर १९०८ मध्ये त्यांनी नोकरी सोडायचे ठरवले आणि परदेश प्रवासाला निघाले.

त्याच वर्षी, २८ सप्टेंबरला, हैदराबादेत मुसी फुटली. हजारो माणसे गेली, वस्त्याच्या वस्त्या वाहून गेल्या. निजाम सरकारचे बोलावणे आले आणि १९०९ च्या एप्रिलात विश्वेश्वरय्या कामावर रुजू झाले.

शहराच्या काठाने उंच भिंत बांधा, एवढे सांगून दुसरा कोणी मोकळा झाला असता. ते आधी शहराच्या वर गेले. मुसीच्या पाणलोटात लहानमोठे ७८८ तलाव होते. त्यातले २२१ फुटले होते. वरचा तलाव फुटला की त्याचे पाणी खालच्यावर आदळे, मग तोही फुटे. नुसत्या पावसाने आला असता त्याहून मोठा लोंढा शहरावर आला तो यामुळे. म्हणून त्यांचा सल्ला असा: मुसी आणि ईसी या दोन्ही नद्यांवर शहराच्या वर जलाशय बांधा, पूर तिथे अडवा आणि नदीला झेपेल तेवढेच पाणी खाली सोडा. त्यातून १९२० मध्ये उस्मानसागर आणि १९२७ मध्ये हिमायतसागर पुरा झाला. पुढे हैदराबाद तेच पाणी प्यायले.

आपल्याला हे दूरचे वाटायचे कारण नाही. ३० जुलै १९९१ ला आपल्याच वर्धा नदीने मोवाड गाव उद्ध्वस्त केले, दोनशेच्या वर माणसे गेली. २०२२ च्या जुलैत हिंगणघाटला वणेचे पाणी वस्तीत शिरले. अशा वेळी चर्चा होते ती नाल्याच्या रुंदीची आणि पुलाच्या उंचीची. वरच्या तलावांचे बांध आणि सांडवे कोणी तपासले, हे विचारणारा क्वचितच भेटतो. वर्धेत आजही नगरपालिकेत बसणाऱ्या आपल्या दोस्तांनी ते विचारावे, म्हणून तर हे लिहिले.

पुराच्या अहवालातच विश्वेश्वरय्यांनी आणखी एक गोष्ट जोडली होती. घाण थेट मुसीत सोडणारे शहर पुरापासून वाचले तरी रोगापासून वाचत नाही. तेव्हा जमिनीखालून गटारे न्या आणि मैलापाणी शहराबाहेर काढा. १९०९ संपायच्या आत ते म्हैसूरचे मुख्य अभियंता होऊन गेले, १९१२ ते १९१८ दिवाण राहिले, कृष्णराजसागराचे काम त्यांनी सुरू करवले. १९५५ मध्ये भारतरत्न मिळाले आणि १९६२ मध्ये, शंभरी ओलांडून, ते वारले. हे सारे आपण शाळेत पाठ केले आहे.

गटारांचे काम मात्र मागेच पडले होते. धरण दुरून दिसते आणि त्याचे उद्घाटन होते. गटार पुरले की दिसेनासे होते. शेवटी १९२२ मध्ये हैदराबादने त्यांना पुन्हा बोलावले. साठी उलटलेले हे माजी दिवाण आले, आणि आपल्याच जुन्या आराखड्यातल्या गटारांच्या कामाला लागले.