रेल्वे, मिल आणि धरण: नवं तंत्रज्ञान नेमकं कुणाच्या वाट्याला येतं, हे कागलच्या घाटग्यांच्या पोराने शंभर वर्षांपूर्वीच ओळखलं होतं

जुलैचा पाऊस लागून राहिला की कोल्हापूरकरांच्या मोबाईलवर एक बातमी हमखास येते. राधानगरी धरणाचा अमुक नंबरचा दरवाजा उघडला. मग व्हॉट्सॲप ग्रुपवर व्हिडीओ फिरायला लागतात. पंचगंगा किती फुटांवर, राजाराम बंधाऱ्याची काय परिस्थिती, गावाकडचा रस्ता चालू आहे का, अशी विचारपूस सुरू होते.

हे धरण बांधायला घेतलं राजर्षी शाहू महाराजांनी. आरक्षण, वसतिगृहं, कुस्ती यांच्यासाठी महाराज सगळ्यांना माहीत आहेत. पण त्यांच्या आयुष्याची अजून एक बाजू आहे. त्यांच्या काळात जे जे नवं यंत्र आलं ते त्यांनी कोल्हापुरात आणलं, आणि ते आणताना एक प्रश्न कायम पुढे ठेवला. याचा फायदा होणार कुणाला?

आज इंटरनेट आणि एआयबद्दल हाच प्रश्न विचारला जातो. तेव्हा तो रेल्वे आणि गिरणीबद्दल होता.

कागलचा यशवंत

कोल्हापूरहून बेंगळुरूच्या दिशेने निघालं की थोड्याच वेळात कागल लागतं. ही घाटग्यांची जहागीर. जहागीरदार जयसिंगराव उर्फ आबासाहेब घाटगे आणि राधाबाई यांच्या पोटी २६ जून १८७४ रोजी यशवंतरावांचा जन्म झाला. लहानपणीच आई गेली.

तिकडे कोल्हापूरच्या गादीचे वाईट दिवस सुरू होते. चौथे शिवाजी महाराज इंग्रजांच्या ताब्यात होते. डिसेंबर १८८३ मध्ये अहमदनगरच्या किल्ल्यात त्यांचा मृत्यू झाला. गादीला वारस नव्हता. मग १७ मार्च १८८४ रोजी त्यांच्या राणी आनंदीबाईंनी कागलच्या यशवंतला दत्तक घेतलं आणि त्याचं नाव शाहू ठेवलं. पोराचं वय होतं नऊ वर्षं. पुढच्या दोनच वर्षांत वडीलही गेले.

राजकोटच्या राजकुमार कॉलेजमध्ये आणि नंतर धारवाडला फ्रेझर या इंग्रज अधिकाऱ्याच्या हाताखाली त्यांचं शिक्षण झालं. २ एप्रिल १८९४ रोजी त्यांनी राज्यकारभार हातात घेतला, तेव्हा विशी गाठायलाही दोन-तीन महिने बाकी होते.

रेल्वे आली, पण नोकऱ्या कुणाला?

कोल्हापूर-मिरज रेल्वेच्या कामाची सुरुवात १८८८ मध्ये झाली ती कोवळ्या वयातल्या शाहू महाराजांच्याच हस्ते. १८९१ मध्ये गाडी धावू लागली. संस्थानाच्या बाहेरचे बाजार एकदम जवळ आले. बैलगाडीचा दिवसभराचा प्रवास काही तासांवर आला.

पण नुसती गाडी येऊन चालत नाही, तिच्यात घालायला माल लागतो आणि माल जमवायला पेठ लागते. १८९५ मध्ये महाराजांनी शाहूपुरी ही व्यापारी पेठ वसवली आणि तिथे गुळाची बाजारपेठ उभी राहिली. कोल्हापुरी गुळाचं नाव झालं त्यात या पेठेचा वाटा मोठा आहे. पुढे १९१७ च्या सुमाराला याच रेल्वेमार्गावर वडिलांच्या नावाने जयसिंगपूर वसवलं. सरळ रेषेत आखलेल्या तिथल्या गल्ल्या आजही पहिली, दुसरी, तिसरी अशा नंबराने ओळखल्या जातात.

इथपर्यंतची गोष्ट कुठल्याही हुशार राजाची वाटेल. खरी गोम पुढे आहे.

रेल्वे, कचेऱ्या, कोर्ट, हिशेब या सगळ्या नव्या व्यवस्थेला लिहिता-वाचता येणारी माणसं लागत होती. आणि लिहिणं-वाचणं होतं मोजक्या घरांत. महाराज गादीवर आले तेव्हा संस्थानाच्या सर्वसाधारण कारभारातल्या ७१ अधिकाऱ्यांपैकी ६० ब्राह्मण होते, बाकी सगळ्या जाती-धर्मांचे मिळून ११. म्हणजे नव्या युगाचं तिकीट शाळेत मिळत होतं, आणि बहुतेकांना शाळेचं दारच माहीत नव्हतं.

आधी वसतिगृह, मग आरक्षण

खेड्यातल्या पोराला शिकायचं तर शहरात राहायची सोय हवी. १८९६ मध्ये सगळ्या जातींसाठी एकच वसतिगृह काढून बघितलं, पण तिथे प्रत्यक्षात ब्राह्मण विद्यार्थीच राहिले. दार सगळ्यांना उघडं ठेवलं तरी आत तेच येतात ज्यांची आधीपासून तयारी असते, हे महाराजांना इथे कळलं.

मग त्यांनी पद्धत बदलली. १९०१ मध्ये मराठा आणि जैन विद्यार्थ्यांसाठी वसतिगृहं निघाली. पुढे मुस्लिम, लिंगायत, अस्पृश्य असं करत कोल्हापुरात वसतिगृहांची रांगच लागली. जातवार वसतिगृहांमुळे जातीच पक्क्या होतील अशी टीका तेव्हाही झाली आणि आजही होते. पण त्या काळात एका ताटात जेवायलाही लोक तयार नव्हते. त्यामुळे आधी पोरं शहरात आणणं हा महाराजांचा हिशेब होता.

याच काळात वेदोक्त प्रकरण झालं. राजवाड्यातले धार्मिक विधी वेदोक्त मंत्रांनी करायला पुरोहितांनी नकार दिला. छत्रपतींच्या गादीवर बसलेल्या माणसाची ही गत, तर खेड्यातल्या माणसाचं काय होत असेल?

१९०२ मध्ये सातव्या एडवर्डच्या राज्यारोहणासाठी महाराज इंग्लंडला गेले होते. ते तिथे असतानाच २६ जुलै १९०२ रोजी संस्थानाच्या नोकऱ्यांमधल्या रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी ५० टक्के जागा मागासवर्गीयांसाठी राखून ठेवण्याचा आदेश निघाला.

मिल उभी राहिली, धरण मात्र अडलं

१८९६ च्या दुष्काळाने आणि पाठोपाठ आलेल्या प्लेगने महाराजांच्या कारभाराची सुरुवातच परीक्षेने झाली होती. स्वस्त धान्याची दुकानं, दुष्काळी कामं, जनावरांच्या छावण्या असे तातडीचे उपाय झाले. पण पाऊस हुकला की शेतकरी संपतो, हे दुखणं कायमचं होतं. म्हणून १९०२ मध्ये संस्थानाने पाटबंधाऱ्याचं धोरण ठरवलं. वेगळा अधिकारी नेमला आणि विहिरी, तलाव यांची पाहणी सुरू केली.

१९०६ मध्ये कोल्हापुरात सूतगिरणी आणि कापड गिरणीची पायाभरणी झाली. हीच शाहू मिल. पुढे कित्येक पिढ्यांची चूल या मिलच्या भोंग्यावर पेटली.

त्यानंतर भोगावती नदीवर धरण बांधायचं मोठं काम हाती घेतलं. जवळच गाव वसवलं, त्याला लेकीचं नाव दिलं राधानगरी. जलाशयाला राणीसाहेबांच्या नावावरून लक्ष्मी तलाव म्हटलं गेलं.

एका छोट्या संस्थानाने एवढं धरण स्वतःच्या तिजोरीतून बांधायचं म्हणजे उडी मोठी होती, आणि ती पेलली नाही. पहिल्या महायुद्धाचा काळ होता, पैसा कमी पडला. १९१८ च्या सुमाराला भिंत अर्ध्यावर असताना काम थांबलं.

तिजोरी रिकामी, तरी शाळा सक्तीची

विशेष म्हणजे धरणाला पैसे पुरत नव्हते त्याच वर्षांत महाराजांनी दुसरा मोठा खर्च अंगावर घेतला. १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत करण्याचा कायदा झाला. पोरांना शाळेत न पाठवणाऱ्या पालकांना महिन्याला एक रुपया दंड ठेवला. त्या काळात एक रुपया ही गंमत नव्हती. १९१९ मध्ये अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून त्यांच्या मुलांना सगळ्यांसोबत एकाच शाळेत बसवण्याचा हुकूम निघाला.

१९१८ मध्ये अजून एक घाव घातला. गावाच्या जमिनीचं, साऱ्याचं सगळं दप्तर वंशपरंपरेने कुलकर्ण्याच्या घरात असायचं. आजच्या भाषेत गावाचा डेटा एका घराच्या ताब्यात. कागदावर काय लिहिलंय हे शेतकऱ्याला वाचता येत नव्हतं, त्यामुळे त्याला विश्वास ठेवण्यावाचून गत्यंतर नव्हतं. महाराजांनी कुलकर्णी वतन बंद करून पगारी तलाठी नेमायला सुरुवात केली. त्यात अस्पृश्य समाजातल्या तरुणांनाही तयार केलं. त्याच वर्षी महार वतनही रद्द झालं.

चहाचं दुकान आणि एक पाक्षिक

कायदा कागदावर असतो, रस्त्यावर वेगळंच चालतं, हे महाराजांना माहीत होतं. त्यांच्या पागेत काम करणाऱ्या गंगाराम कांबळे यांना पाण्याला शिवल्याच्या कारणावरून मारहाण झाली. महाराजांनी त्यांना नोकरीऐवजी धंद्यात उभं केलं. गंगारामनी शहरात चहाचं दुकान टाकलं. अस्पृश्याच्या हातचा चहा घ्यायला कोण येणार? मग महाराज स्वतःच गाडी थांबवून तिथला चहा घेऊ लागले, सोबतच्या मंडळींनाही पाजू लागले. राजाच घेतोय म्हटल्यावर बाकीच्यांची पंचाईत झाली.

१९२० मध्ये मुंबईत भीमराव आंबेडकर नावाचा तरुण प्राध्यापक पाक्षिक काढत होता. छापखाना हे त्या काळातलं सोशल मीडियाच. ज्याच्याकडे पत्र, त्याचा आवाज. महाराजांनी त्यांना अडीच हजार रुपयांची मदत केली. ते पाक्षिक म्हणजे मूकनायक. त्याच वर्षी २१ आणि २२ मार्चला माणगावात अस्पृश्यांची परिषद भरली. अध्यक्ष होते आंबेडकर, आणि महाराजांनी त्या मंचावरून हाच तुमचा पुढारी असं जाहीर करून टाकलं. हे माणगाव कागल जहागिरीतलंच.

पुढे काय झालं?

६ मे १९२२ रोजी मुंबईत महाराजांचं निधन झालं. वय होतं अवघं ४७.

राधानगरीची भिंत तशीच अर्धवट होती. ती पूर्ण व्हायला स्वातंत्र्य उजाडावं लागलं. १९५० च्या दशकात काम पूर्ण झालं, स्वयंचलित दरवाजे बसले आणि तिथे वीजही तयार होऊ लागली. शाहू मिलचं उलटं झालं. ती महाराजांच्या डोळ्यांसमोर उभी राहिली, पण एकविसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिचा भोंगा कायमचा बंद पडला. त्यांच्या काळातली यंत्रं गेली, बदलली. वसतिगृहात राहून शिकलेल्या पोरांची पुढची पिढी मात्र परत कधी शाळेबाहेर राहिली नाही.

आज कागलला पंचतारांकित एमआयडीसी आहे, उसाचा कारखाना आहे, महामार्गावर ट्रकची रांग आहे आणि पोरांच्या हातात मोबाईल आहे. येणाऱ्या पावसाळ्यात राधानगरीचे दरवाजे परत उघडतील, व्हिडीओ परत फिरतील. तो व्हिडीओ काढणाऱ्या, वाचणाऱ्या आणि पुढे पाठवणाऱ्या कित्येकांच्या घरात पहिली पाटी आली ती एक रुपया दंडाच्या भीतीने.