हळर्णचे गोठे आणि डॉ. द मेलो

हळर्णच्या गोठ्यात गुराच्या कानामागची गोचीड उपटून विस्तवावर टाकणाऱ्या शेतकऱ्यास बबेसिया हे नाव ठाऊक नसते. गुरास ताप भरून तांबडी लघवी होऊ लागली, की दुखण्याची भीषणता मात्र त्यास कळते. गोचिडीतून रक्तात शिरणाऱ्या या एकपेशीय जीवाचे भाऊबंद शोधण्यात एका गोमंतकीयाने आयुष्य वेचले.

१८८७ साली बाणावलीत जन्मलेले डॉ. फ्रोइलानो द मेलो पणजीच्या वैद्यकीय विद्यालयाचे संचालक झाले. माकाझनचे कुष्ठालय त्यांनीच उभारले. चावऱ्या माश्यांनी पसरणारे रक्तातील परोपजीवी त्यांनी गोव्याच्या पाखरांत हुडकले. भारद्वाजाच्या रक्तातील एका जातीशी त्यांचे नाव आजही निगडित आहे.

१९४६ साली डॉ. लोहियांनी मडगावात सत्याग्रहाची ठिणगी टाकली, तेव्हा द मेलो लिस्बनच्या संसदेत सभासद होते. हे विसरावे असे आम्ही म्हणत नाही. परंतु तेवढ्यावरून त्यांची विद्या परकी ठरत नाही. पेडण्यातील किती शाळांत त्यांचे नाव घेतले जाते? १९५१ च्या सुमारास ते ब्राझीलला स्थायिक झाले आणि ९ जानेवारी १९५५ रोजी साऊ पाउलो येथे निवर्तले. मुक्त गोवा त्यांनी पाहिला नाही.