अंगातला शर्टही हरलेला संत

क्रिकेटची मॅच रंगात आलेली असते आणि कट्ट्यावर सगळ्यांच्या माना मोबाइलमध्ये. कुणी पन्नास रुपये लावलेत, कुणी चक्क मेसचे पैसे. आज गेले तर उद्या परत येतील, याची प्रत्येकाला खात्री असते. साडेचारशे वर्षांपूर्वी इटलीतल्या एका पोरालाही अशीच खात्री होती. त्याचं नाव कॅमिलस डी लेलिस.

कॅमिलसचा जन्म १५५० चा, बुक्कियानिको गावातला. वडील सैनिक, आई लहानपणीच गेली. हाही पोरवयातच सैन्यात शिरला. सहा फुटांहून जास्त उंची, राग नाकावर आणि हातात कायम पत्ते नाहीतर फासे. त्यात पायाला जखम झाली, ती कधीच धड बरी झाली नाही. इलाजासाठी तो रोमच्या सान जाकोमो हॉस्पिटलमध्ये गेला आणि तिथेच सेवक म्हणून कामाला लागला. पण पत्ते आणि भांडणं काही सुटेनात. शेवटी त्याला तिथून काढून टाकलं.

पुन्हा सैन्य, पुन्हा पगार, पुन्हा पत्ते. १५७४ मध्ये नेपल्समध्ये त्याने सगळं घालवलं. आधी पैसे, मग हत्यारं, मग अंगावरचा झगा आणि शेवटी शर्टसुद्धा. वय फक्त चोवीस!

मानफ्रेदोनिया गावात तो चर्चच्या दारात भीक मागत उभा राहिला. तिथे कुणीतरी त्याला कपुचिन संन्याशांच्या मठाच्या बांधकामावर काम दिलं. गाढवांवरून दगड, चुना, पाणी वाहायचं. लाज वाटत होती, जुगाराची ओढही होती, पण तो टिकला. २ फेब्रुवारी १५७५ ला, एका संन्याशाशी झालेलं बोलणं डोक्यात घोळत असताना, तो वाटेतच गाढवावरून उतरला आणि ढसाढसा रडला. हा दिवस तो आयुष्यभर विसरला नाही.

त्याला कपुचिन व्हायचं होतं, पण पायाची जखम पुन्हा चिघळली आणि तो परत सान जाकोमोलाच आला. ज्या हॉस्पिटलने हाकललं, तिथेच पुढे त्याच्याकडे सगळा कारभार आला. पगारी नोकर रोग्यांकडे ढुंकूनही बघत नाहीत, हे त्याने रोज पाहिलं. मग पैशासाठी नाही तर देवासाठी सेवा करणारी माणसं त्याने जमवली. तिशी उलटल्यावर लहान मुलांच्या शेजारी बसून लॅटिन शिकला आणि १५८४ मध्ये धर्मगुरू झाला. त्याच्या संघाच्या झग्यावर लाल क्रॉस आला १५८६ मध्ये, म्हणजे रेड क्रॉस संस्थेच्या पावणेतीनशे वर्षं आधी. जिवावर बेतलं तरी संसर्गाच्या रोग्याला सोडायचं नाही, अशी या संघाची शपथच होती. १५९८ मध्ये टायबर नदीला पूर आला, तेव्हा कॅमिलसने रोग्यांना उचलून वरच्या मजल्यावर नेलं.

तो परफेक्ट होता असं नाही. रोग्यांसाठी खर्च करताना त्याने हात आखडला नाही आणि संघावर कर्ज झालं. १६०७ मध्ये त्याने प्रमुखपद सोडलं, सेवा मात्र १४ जुलै १६१४ ला मृत्यू येईपर्यंत चालू ठेवली. १७४६ मध्ये चर्चने त्याला संत घोषित केलं. आज तो रोग्यांचा आणि नर्सेसचा पालक संत मानला जातो.

येशूच्या शिकवणीत एका नाण्याची गोष्ट आहे. नाण्यावर राजाचा चेहरा आहे, तर ते राजाला द्या. जे देवाचं आहे ते देवाला द्या. मग देवाचं काय? ख्रिस्ती परंपरा म्हणते, माणूस. कारण त्याच्यावर देवाचा ठसा आहे. कॅमिलसची नाणी संपली तेव्हा त्याच्याकडे हाडापेराचं शरीर आणि दुखरा पाय एवढंच उरलं होतं. तेच त्याने देवाचं मानलं आणि ज्यांना कुणी हात लावत नव्हतं, त्यांच्यासाठी झिजवलं.

आपण पैसे लावताना म्हणतो, माझेच तर आहेत, गेले तर गेले. खरंच आपले असतात का? मेसच्या त्या पैशांत कुणाचा तरी ओव्हरटाइम असतो, कुणाची तरी मोडलेली एफडी असते. कॅमिलसला हे कळायला शर्ट जावा लागला. आपल्याला त्याच्या थोडं आधी कळलं तर बरं.