श्रीगुरू हैबतबाबा आरफळकर



आपल्या दिंडीला शंभर वर्षं पुरी झाली. त्याचं पुस्तक निघतंय, तर एक चरित्र तुम्ही लिहा, असं मंडळींनी आम्हाला सांगितलं. आम्ही शेतकरी माणूस, शाळा चौथीपर्यंत. कीर्तनाला उभं राहिलं की तोंड चालतं, लेखणीचं तसं नाही. तरी आज्ञा झाली म्हणून लिहितो. ज्ञानोबा-तुकोबांची चरित्रं लिहिणारे थोर लोक आहेत. आम्ही हैबतबाबांचं चरित्र घेतलं, कारण वारीत सगळे चालतात, पण ही चाल ज्यांनी लावून दिली त्यांची माहिती नव्या पोरांना नसते.

बाबांचं आडनाव पवार, गाव सातारा जिल्ह्यातलं आरफळ. म्हणून आरफळकर. तरुणपणी ते ग्वाल्हेरला शिंदे सरकारच्या पदरी सरदार होते. घोडदळ, तळ, निशाण, हुकूम हे सगळं त्यांच्या अंगात मुरलेलं. चाकरीत मिळवलेलं द्रव्य घेऊन ते गावाकडं निघाले. सातपुड्यात वाट अडवली, लुटारूंनी धरलं आणि सोबत्यांसह कोंडून ठेवलं. सरदारकी तिथं काय कामाची? बाबांना हरिपाठ पाठ होता, तो म्हणत ते बसून राहिले. असे एकवीस दिवस गेले असं जुनी माणसं सांगतात. त्या दिवसांत टोळीच्या नाईकाच्या घरी मूल नव्हतं तिथं मुलगा झाला. नाईकानं जाणलं की हा पुरुष साधा नाही. त्यानं सगळ्यांना मानानं सोडलं, मालही परत केला. बाबांनी ठरवलं की हा जन्म आता माउलींनी परत दिलाय, तो माउलींचाच. मग ते आळंदीला आले आणि समाधीच्या सेवेला कायमचे राहिले.

त्या काळी पालखी कशी जायची तेही सांगितलं पाहिजे. तुकोबारायांचे चिरंजीव नारायणमहाराज यांनी 1685 साली पालखी सुरू केली. देहूहून तुकोबांच्या पादुका निघायच्या, आळंदीला यायच्या, तिथं ज्ञानोबांच्या पादुका घ्यायच्या आणि दोन्ही एकाच पालखीतून पंढरीला जायच्या. ज्ञानोबा-तुकाराम हे भजन आपल्या तोंडी बसलं ते याच वाटेवर. पुढं त्या सोहळ्यात मानपानावरून तंटे होऊ लागले. तेव्हा हैबतबाबांनी माउलींचा सोहळा आळंदीहून वेगळा काढला. हे 1832 च्या सुमाराचं.

एकटा माणूस सोहळा काढू शकत नाही. बाबांनी अंकलीच्या शितोळे सरकारांना विनंती केली. अंकली बेळगावकडची. शितोळ्यांनी घोडे दिले, तंबू दिला, जरीपटका दिला. खंडोजीबाबा वासकर, सुभानजी शेडगे अशी भजनी मंडळी साथीला उभी राहिली. घोडे आजसुद्धा दरसाल अंकलीहून पायी आळंदीला येतात.

आता बाबांची करणी बघा. जे फौजेत शिकले ते त्यांनी माउलींच्या कामी लावलं. फौजेला निशाण, तशी दिंडीला पताका. फौजेचा तळ, तसा पालखीचा तळ. कोण पुढं, कोण मागं हे ठरलेलं. आज रथापुढं सत्तावीस दिंड्या चालतात, मागं तर मोजाव्यात तेवढ्या थोड्या, पण प्रत्येकीला नंबर आहे. कोणत्या वेळी कोणतं भजन हेही ठरलेलं. आळंदी ते पंढरपूर अडीचशे किलोमीटरच्या आसपास वाट, लाखो माणसं, आणि विणेकरी विणेकऱ्याच्या जागी, टाळकरी टाळकऱ्याच्या जागी, डोईवर तुळस घेतलेली बाई तिच्या जागी. कोणी हाकत नाही, तरी चालतात.

संध्याकाळी तळावर समाजआरती होते ती नीट ध्यानात घ्या. सगळ्या दिंड्या गोल उभ्या राहतात. चोपदारानं चोप वर केला की एवढा समाज गप्प. मात्र ज्या दिंडीची काही तक्रार असेल ती टाळ वाजवत राहते. चोपदार तिथं जातो, गाऱ्हाणं ऐकून घेतो, निवाडा होतो, मग टाळ थांबतात. मग हरवलं-सापडलं सांगतात, उद्याची वेळ सांगतात, आणि नंतर आरती. म्हणजे गाऱ्हाणं पोटात ठेवून आरतीला उभं राहायचं नाही, अशी ही रीत आहे.

हे मुद्दाम लिहितो, कारण आपल्या दिंडीतसुद्धा अलीकडं कुरबुर ऐकू येते. वीणा कोणी धरायची, पत्रिकेवर कोणाचं नाव वर, ट्रकमध्ये कोणाचं अंथरूण कुठं. काही तरुण मंडळी तर वेगळी दिंडी काढायचं बोलतात, आणि हैबतबाबांनीपण वेगळा सोहळा काढलाच की, असा दाखला देतात. दाखला खरा आहे, पण अर्धाच आहे. उरलेला अर्धा असा.

शितोळ्यांचे दोन घोडे चालतात. एकावर जरीपटका घेतलेला स्वार असतो. दुसऱ्याच्या पाठीवर कोणी बसत नाही, तो माउलींचा. जन्मभर घोड्यावर बसलेला हा सरदार. त्यांनी मनात आणलं असतं तर त्यांना कोणी नको म्हटलं नसतं. पण ती पाठ त्यांनी मोकळी ठेवली आणि स्वतः चालले. रिंगणात तोच अश्व धावतो आणि त्याच्या टापांखालची माती आपण कपाळाला लावतो.

बाबांनी 1836 मध्ये देह ठेवला. त्यांची समाधी आळंदीला माउलींच्या महाद्वारात, पहिल्या पायरीला आहे. गाभाऱ्याजवळ नाही, ओवरीत नाही, पायरीला. जो आत जाईल त्याच्या पायाची धूळ आधी बाबांवर पडावी, ही त्यांची इच्छा. कार्तिकी वारीत आळंदीची यात्रा सुरू होते ती हैबतबाबांच्या पायरीच्या पूजनानं. सोहळ्याचा मालक म्हणून आजही त्यांच्याच घराण्याचं नाव लागतं, आणि मूळ मालक मात्र सगळ्यांच्या पायाखाली.

तर आमचं सांगणं एवढंच. वेगळं निघायचं असेल तर आधी ही पायरी आठवा. मान मिळवायला निघालो की मान सोडायला निघालो, हे ज्यानं त्यानं मनाला विचारावं. आपल्या दिंडीची शंभर वर्षं कोणा एकाच्या मोठेपणावर गेली नाहीत. पेरणी करून, पाऊस देवावर सोडून, भाकरी बांधून आपले आजे-पणजे रांगेत लागले आणि रांग मोडली नाही, म्हणून ती गेली. ज्याचं गाऱ्हाणं असेल त्यानं टाळ वाजवावा, तळावरच बोलावं, आणि निवाडा झाल्यावर हात जोडून आरतीला उभं राहावं. पुढची शंभर वर्षं अशीच जातील.

रामकृष्णहरी.