दादासाहेब फाळके आणि वाटाण्याचं रोप: पहिल्या चित्रपटाआधीची शॉर्ट फिल्म

शॉर्ट फिल्म करायची म्हटलं की आपण आधी कॅमेरा कोणता घ्यायचा ते बघतो. मोबाइलचे मेगापिक्सेल, गिंबल, एडिटिंगचं ॲप. कथा, खर्च आणि वेळेचा हिशोब नंतर. म्हणून आज ज्यांनी हे सगळं उलट क्रमाने केलं, त्या दादासाहेब फाळक्यांबद्दल लिहितोय.

धुंडिराज गोविंद फाळके यांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजी त्र्यंबकेश्वरला झाला. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये आणि मग बडोद्याच्या कलाभवनात ते शिकले. पुढे फोटोग्राफी, पुरातत्त्व खात्यात ड्राफ्ट्समनची नोकरी, छपाईचा धंदा, जादूचे प्रयोग असं बरंच काही करून झालं. भागीदारांशी पटेना म्हणून छापखाना सोडला. १९११ मध्ये गिरगावातल्या अमेरिका इंडिया पिक्चर पॅलेसमध्ये त्यांनी ख्रिस्ताच्या जीवनावरचा चित्रपट पाहिला आणि आपल्या देवांच्या कथा अशाच पडद्यावर आणायच्या असं ठरवलं. तेव्हा वय चाळिशीच्या पुढे, घरात मुलंबाळं आणि हातात ठरावीक उत्पन्न नाही.

आधी अभ्यास

त्यानंतर ते मिळतील तेवढे चित्रपट बघत सुटले, पुस्तकं मागवली, घरी प्रयोग केले. ताण इतका पडला की काही काळ दिसेनासं झालं. उपचारांनी नजर परत आली. मग आयुर्विमा पॉलिसी गहाण ठेवून १९१२ च्या फेब्रुवारीत ते लंडनला गेले. तिथे बायोस्कोप साप्ताहिकाच्या संपादकांना भेटले आणि त्यांच्या मदतीने सेसिल हेपवर्थ यांच्या स्टुडिओत काम कसं चालतं ते पाहिलं. विल्यमसन कॅमेरा आणि फिल्मला भोकं पाडायचं यंत्र मागवून १ एप्रिलला परतले.

मग चाचणी

पैसे लावणाऱ्यांना दाखवायचं काय, हा प्रश्न होता. भारतात असं काही आधी झालेलं नव्हतं. आपल्या भाषेत सांगायचं तर त्यांना डेमो हवा होता. त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला, समोर कॅमेरा लावला आणि रोप वर येईपर्यंत महिनाभर थोडं थोडं चित्रण केलं. हाच 'अंकुराची वाढ', म्हणजे आजच्या शब्दांत टाइमलॅप्स.

या चित्रणात रोज एक फ्रेम घेतली असं बऱ्याचदा सांगतात. आपण हिशोब करूया. त्या काळी साधारण सेकंदाला १६ फ्रेम्स चालत. महिन्याच्या ३० फ्रेम्स दोन सेकंदांतच संपतील! एक मिनिटाच्या फिल्मला ९६० फ्रेम्स लागतात, म्हणजे महिनाभर रोज ३२. एवढ्या काळात कॅमेरा हलला, कुंडी सरकली किंवा उजेड फार बदलला की रोप पडद्यावर उड्या मारताना दिसणार. त्यामुळे कुंडी कुठे, कॅमेरा कुठे, हँडल कधी आणि किती फिरवायचं, हे बी पेरण्याआधीच ठरवावं लागतं.

दुसरा हिशोब फिल्मचा. कच्ची फिल्म भोकं न पाडलेली येई. ३५ मिमी फिल्मला प्रत्येक फ्रेममागे दोन्ही कडांना चार-चार, म्हणजे आठ भोकं. एका मिनिटाला ७,६८० भोकं! हे अंधारात करायचं काम सरस्वतीबाईंनी शिकून घेतलं. फिल्म डेव्हलप करणं, रसायनं मिसळणंही त्या करत. त्यांचे दागिनेही या खटाटोपात गेले.

चाचणी पाहून लोकांचा विश्वास बसला, कर्ज मिळालं.

मग शूटिंग

'राजा हरिश्चंद्र'ची पटकथा फाळक्यांनी स्वतः लिहिली. दादरला सेट लागला. तारामतीच्या भूमिकेसाठी एकही स्त्री तयार होईना, तेव्हा हॉटेलात काम करणाऱ्या अण्णा साळुंके यांना साडी नेसवली. दत्तात्रय दाबके हरिश्चंद्र झाले, तर फाळक्यांचा मुलगा भालचंद्र रोहिदास. साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाक सरस्वतीबाईंकडे. चित्रपट ३,७०० फूट भरला. फुटाला १६ फ्रेम्स धरल्या तर सुमारे ५९ हजार फ्रेम्स. ३ मे १९१३ रोजी तो कोरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये लागला आणि चालला.

१९१७ चा 'लंका दहन'ही गाजला. पण १९३१ मध्ये बोलपट आले आणि त्यांचा काळ सरला. १९३७ चा 'गंगावतरण' हा त्यांनी दिग्दर्शित केलेला एकमेव बोलपट. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिकला त्यांचं निधन झालं.

तुमची शॉर्ट फिल्म डोक्यात असेल तर आधी तिचं 'वाटाण्याचं रोप' शोधा: एक मिनिटाचा असा तुकडा, ज्यात तुमची सगळ्यात अवघड गोष्ट तपासली जाईल. रात्रीचा प्रसंग असेल तर तो उजेड, संवाद जास्त असतील तर तो आवाज. तेवढंच शूट करून दोन-चार जणांना दाखवा. फ्रेम्स, तास आणि पैसे कागदावर मांडा. कॅमेरा त्यानंतर निवडा; खिशातला मोबाइलही बहुतेक पुरेल.