पित्याची चाल, पुत्राचा कंठ
(कै. पंडित दत्तात्रेय विष्णु पलुस्कर)

पित्याने पुत्रासाठी काय मागे ठेवावे, असे विचारले तर कोणी घर म्हणेल, कोणी शेत म्हणेल, कोणी द्रव्य म्हणेल. आज ज्या गायकाचे चरित्र आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहो, त्यांच्या वाट्यास धनदौलत आली नाही. पित्याचा सहवासही अवघी दहा वर्षे लाभला. तथापि पित्याचे खरे वारस म्हणून त्यांचे नाव संगीताच्या इतिहासात राहिले आहे.

त्यांचे वडील, पंडित विष्णु दिगंबर पलुस्कर, यांचा जन्म १८७२ साली कुरुंदवाड येथे झाला. बालपणी फटाक्याची दारू चेहऱ्याजवळ उडाली व त्यांची दृष्टी बहुतेक गेली. शाळेचा मार्ग खुंटला, तेव्हा मिरजेस बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर यांजपाशी ते गायन शिकले. पुढे १९०१ साली लाहोर येथे त्यांनी गांधर्व महाविद्यालय स्थापिले. गवयाच्या पेशास त्या काळी समाजात मान नव्हता. तो मिळवून द्यावा व सामान्य गृहस्थाच्या मुलांसही गायनविद्या शिकता यावी, म्हणून त्यांनी जन्मभर कष्ट उपसले. त्या कार्यापायी कर्ज झाले आणि महाविद्यालयाची मुंबईतील इमारतही गेली. उत्तरायुष्यात ते नाशिकच्या आश्रमात रामनामात रमले.

'रघुपती राघव' या रामधुनेची सर्वत्र रूढ झालेली चाल त्यांचीच म्हणून ओळखली जाते. त्यांचे शिष्य पंडित नारायण मोरेश्वर खरे हे साबरमतीच्या आश्रमात प्रार्थनेचे गायन चालवीत व १९३० च्या दांडीयात्रेतही सामील होते. आश्रमाच्या प्रार्थनेतून ती रामधून देशभर गेली आणि लहानथोरांच्या मुखी बसली.

विष्णु दिगंबरांची अनेक अपत्ये बालपणीच वारली. मागे उरले ते एकटे दत्तात्रेय. त्यांचा जन्म २८ मे १९२१ चा. त्यांना सारे बापूराव म्हणत. ऑगस्ट १९३१ मध्ये मिरजेस वडिलांचे देहावसान झाले, तेव्हा बापूरावांचे वय दहा वर्षांचे होते. एवढ्या वयात त्या विशाल विद्येचा कितीसा अंश हाती आला असेल? वारसा तेथेच तुटावयाचा. परंतु वडिलांनी शिष्यांस जे मुक्तहस्ताने दिले होते, ते शिष्यांनी गुरुपुत्रास परत दिले. विनायकराव पटवर्धन व नारायणराव व्यास यांनी त्यांस शिकविले. विद्या घरात कोंडून न ठेवल्यामुळेच ती घरी परतली!

१९३५ साली, वयाच्या चौदाव्या वर्षी, जालंधरच्या हरिवल्लभ संगीत संमेलनात बापूराव प्रथम गायिले. १९४४ साली त्यांची पहिली ध्वनिमुद्रिका निघाली. त्या काळच्या तबकडीच्या एका बाजूवर सुमारे तीन मिनिटांचेच गायन मावत असे. तेवढ्यात रागाचे स्वरूप स्पष्ट दाखविणे व शब्द स्वच्छ उच्चारणे ही त्यांची हातोटी होती. वडिलांची रामधूनही त्यांनी ध्वनिमुद्रित केली. तेथे त्यांनी तानांचा डौल मिरविला नाही. चाल साधीच ठेविली. वडिलांनी ती मैफलीसाठी नव्हे, तर सर्वांनी मिळून म्हणण्यासाठी योजिली होती, हे पुत्राने ओळखले होते, असे ती ऐकताना आम्हांस वाटते.

१९५२ च्या 'बैजू बावरा' या बोलपटात उस्ताद अमीर खाँ यांजबरोबर ते गायिले, आणि त्यांचे नाव घरोघर पोचले. १९५५ साली भारतीय सांस्कृतिक मंडळाबरोबर ते चीन देशी जाऊन आले. परंतु त्याच वर्षी, ऑक्टोबर महिन्यात, मेंदूच्या दाहाने मुंबईस त्यांचे निधन झाले. वय अवघे चौतीस वर्षांचे होते.

आयुष्य थोडे, पण तबकडीत साठविलेला कंठ आजही ऐकू येतो. विद्यार्थिमित्रहो, आईबापांकडून आलेले घर किंवा द्रव्य आयते मिळू शकते. विद्या मात्र मेहनतीनेच आपली करावी लागते. आणि पालकांसही आमची विनंती आहे की, आपल्यापाशी जे चांगले आहे ते दुसऱ्यांच्या मुलांसही द्यावे. ते कोणत्या वाटेने आपल्या घरी परत येईल, हे आज कोणी सांगावे?